रायफलच्या काडतुसात गोळी किती खोल बसवावी?

प्रश्न:
नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि .३०८ विंचेस्टर रायफलसाठी १६८ ग्रेन (वजनाचे एक एकक) वजनाच्या, टोकाशी पोकळ असलेल्या मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) गोळ्या वापरून काडतुसे घरी भरतो. पुस्तिकेत काडतुसाची कमाल लांबी २.८१० इंच, म्हणजे ७१.३७ मिलिमीटर, दिलेली आहे. परंतु सीटिंग डायला (गोळी काडतुसात दाबून बसवणाऱ्या साच्याला) हात न लावताही ही लांबी दर काडतुसागणिक थोडी बदलते. शिवाय गोळी रायफलिंगच्या (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांच्या) जितकी जवळ तितका नेम अचूक, असेही ऐकतो. मग काडतूस त्याहून लांब ठेवावे का?

उत्तर १:
आपल्या डायमध्ये दोष नसावा. डायचा दांडा गोळीला टोकावर नव्हे, तर त्याखालच्या निमुळत्या भागावर दाबतो, आणि पोकळ टोके कारखान्यातूनच कमीजास्त लांबीची येतात. म्हणून कॅलिपरला (बारीक माप घेण्याच्या साधनाला) कंपॅरेटर (गोळीच्या निमुळत्या भागावर टेकणारा जोड) लावून, गोळी जिथे जवळजवळ पूर्ण जाडीची होते तिथून केसच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) बुडापर्यंतचे अंतर मोजावे. रायफलिंग कुठे सुरू होते हे मात्र प्रत्येक बॅरलचे वेगळे असते. त्यासाठी पावडर व प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) नसलेल्या केसमध्ये गोळी सैलसर बसवून ती हलकेच चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) सारावी. रायफलिंगला टेकताच गोळी मागे सरकते आणि माप मिळते. ते काही वेळा घेऊन ताडून पाहावे.

उत्तर २:
माझा आग्रह सुरक्षिततेचा आहे. गोळी रायफलिंगला टेकलेली असेल, तर तिला पुढे ढकलण्यासाठी सुरुवातीलाच अधिक जोर लागतो आणि चेंबरमधला दाब वाढतो. त्यामुळे गोळी व रायफलिंग यांत अंतर ठेवून ठरवलेले पावडरचे प्रमाण तिथे तसेच वापरणे धोक्याचे आहे. गोळी बसवण्याची खोली बदलली की पुस्तिकेतील आरंभीच्या प्रमाणापासूनच पुन्हा चढत जावे. न झाडलेले काडतूस बाहेर काढताना गोळी बॅरलमध्ये अडकून पावडर ॲक्शनमध्ये (काडतूस आत घेणाऱ्या व बाहेर काढणाऱ्या यंत्रणेत) सांडू शकते, हेही विसरू नये. मॅगझिनमध्ये (रायफलच्या काडतुसांच्या पेटीत) न मावणारी लांबी तर शिकारीत निरुपयोगीच.

उत्तर ३:
“जितकी जवळ तितकी अचूक” हा नियम सरसकट खरा नाही. ज्यांचा निमुळता भाग दंडगोलाकार अंगाला सलग वळणाने मिळतो, त्या गोळ्या ०.०२० इंच किंवा त्याहून जास्त अंतरही सहज खपवून घेतात आणि आपली १६८ ग्रेनची गोळी बहुधा त्याच जातीची असेल. लांब, तीक्ष्ण टोकाच्या गोळ्या मात्र अंतराबाबत हळव्या असतात. निव्वळ तांब्याच्या गोळ्यांना अनेकदा ०.०५० इंचाचे अंतर मानवते. २.८१० च्या आतच राहून, खोली थोडी थोडी बदलत प्रत्येक मापाने झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे गट कागदावर पाहावेत.