जेवण वाढणाऱ्यांनीही मुलांसोबत जेवायला बसावं
उपाशी मुलांना जेवू घालणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल बोलताना एक तक्रार ऐकू येते: ‘मुलं जेवतात आणि लगेच पांगतात, मोकळी होत नाहीत’. पण तेव्हा कार्यकर्ते कुठे असतात? उभं राहून नुसती देखरेख केली की मुलांना ती तपासणीच वाटते. त्यांच्या शेजारी बसा, तेच अन्न खा, प्रश्नांची सरबत्ती नको. नजर ताटात असली की मूल आपणहून बोलतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मला फार पटते: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. उपासमार सोसलेलं मूल सुरुवातीला जास्त वाढून घेईल, खिशात लपवेलही. चारचौघांत टोकू नका. आणि शिक्षा म्हणून जेवण तर कधीच रोखू नका.