'काँट्रिब्यूशन लिमिट'ला मराठीत काय म्हणावं?

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटवर, म्हणजे एचएसएवर (ठरावीक प्रकारचा आरोग्य विमा असलेल्यांना औषधोपचारासाठी करसवलतीत पैसे साठवता येतात, ते अमेरिकेतलं खातं), दोन पानं लिहितोय. 'आरोग्य बचत खाते' इथवर सुरळीत आलं, 'ॲन्युअल काँट्रिब्यूशन लिमिट'पाशी गाडी अडली. 'वार्षिक वर्गणी मर्यादा' लिहिलं, तर मजकूर वाचून खजिनदारांचा फोन: "मंडळाची वर्गणी वाढवली का?" दुसरा शब्द सुचवा.

– 'अंशदान' आहे की. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांची 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' आठवा.

– जीआरमध्ये शोभतो तो. आणि आपल्याच खात्यात आपलेच पैसे टाकायचे, त्यात दान कसलं? 'योगदान' म्हणा, सगळ्यांना कळतं.

– (त्यातही दान आहेच!)

– 'योगदान' नको, त्या समजुतीपायी माझी फजिती झाली आहे. २०२५ साली एकट्याच्या विम्यासाठी मर्यादा होती ४,३०० डॉलर. मी म्हटलं, माझं योगदान ४,३००, आणि पगारातून तेवढे कापायला सांगून मोकळा झालो. कंपनीने जानेवारीतच आपले १,००० टाकले होते, ते मी जमेतच धरले नाहीत. झाले ५,३००. मर्यादा कोण देतो यावर नसते, खात्यात एकूण किती येतात यावर असते. मालकाने टाका, सासऱ्यांनी टाका, सगळं एकाच मापात. जादा रकमेवर ६ टक्के कर, माझ्या बाबतीत ६० डॉलर, आणि ती खात्यात पडून राहिली तर दरवर्षी. विवरणपत्राच्या मुदतीआधी त्यावरच्या कमाईसकट काढून घेतली म्हणून सुटलो. तेव्हा 'भरणा' म्हणा. बँकेत स्लिप भरून पैसे कोणीही भरो, भरणा खात्यातच होतो. 'वार्षिक भरणा मर्यादा'.

– 'भरणा' पटला, घेतो. २०२६ चे आकडे असे देतोय: एकट्याच्या विम्याला ४,४००, कुटुंबाच्या विम्याला ८,७५०. पंचावन्न पूर्ण झालेल्यांना वर १,००० भरता येतात, त्याला 'जादा भरणा' चालेल?

– नाही हो! 'जादा' म्हणजे मर्यादेबाहेरचा, ज्यावर ६ टक्के बसतात तो. हा परवानगीचा आहे, 'वाढीव भरणा' म्हणा. नवरा-बायको दोघंही पंचावन्नच्या पुढचे असतील तर ज्याचे १,००० त्याच्याच खात्यात गेले पाहिजेत, एवढं मात्र नक्की लिहा. आमच्याकडे दोघांचे एकाच खात्यात गेले होते.

– 'वार्षिक'लाही एक ओळ द्या. २०२६ चा भरणा १५ एप्रिल २०२७ पर्यंत करता येतो. लोक ३१ डिसेंबर धरून बसतात.

– आणि विम्यातल्या 'डिडक्टिबल'ला 'वजावट' केलं असेल तर बदला. वजावट करातली. न्यू जर्सी राज्याच्या करात एचएसएला ती मिळतच नाही, त्यामुळे तुमच्याच वाचकांचा गोंधळ उडेल. 'आधी स्वतः भरायची रक्कम' असं लिहा, लांबलं तरी चालेल.

– केलं होतं. तीन ठिकाणी. बदलतो.