मदत हवी आहे: बंडखोराच्याच हाती हिऱ्यांच्या खाणी का दिल्या?

नमस्कार मंडळी,

'शांततेसाठी बंडखोरांना सत्तेत वाटा द्यावा का' या वादविवादात मी 'द्यावा' या बाजूने बोलणार आहे. गाडी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनपाशी अडली.

७ जुलै १९९९ ला टोगोच्या राजधानीत, लोमे इथे, सिएरा लिओनचे राष्ट्राध्यक्ष कब्बा आणि आरयूएफ या बंडखोर संघटनेचा म्होरक्या फोदे सांको यांनी शांतता करार केला. सांकोला आधी देशद्रोहासाठी फाशी सुनावली होती. करारात त्याला माफी मिळाली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि वर खनिजांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही! ज्या हिऱ्यांवर याची टोळी पोसली, लोकांचे हात तोडत फिरली, त्याच जामदारखान्याच्या किल्ल्या चोराकडे.

कब्बांची लाचारी कळते मला. जानेवारीत बंडखोर थेट राजधानी फ्रीटाउनमध्ये घुसले होते, त्यांना हुसकावलं ते नायजेरियाच्या नेतृत्वाखालच्या फौजेने. आणि नायजेरियाला आता घरी जायचं होतं. पण करार होऊनही मे २००० मध्ये आरयूएफने संयुक्त राष्ट्रसंघाचे सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले. (या शांतिसेनेतले आपले जवान कैलाहूनच्या वेढ्यातून जुलैत 'ऑपरेशन खुकरी'ने सुटले.)

मग करार फसला तो वाटा दिल्यामुळे, की नको तो वाटा दिल्यामुळे? उत्तराला नेपाळचं उदाहरण चालेल का?

प्रतिसाद १
ताई, चालेल, पण क्रम नीट सांगा. नेपाळमध्ये २००६ च्या करारानंतर माओवादी छावण्यांत गेले, शस्त्रं कंटेनरमध्ये बंद झाली. कुलपाची किल्ली त्यांच्याच कमांडरकडे, मात्र देखरेख राष्ट्रसंघाची आणि कंटेनर उघडला की भोंगा वाजणार. तेवढीच शस्त्रं सैन्यानेही कुलपात टाकली. मंत्रिपदं त्यानंतर, एप्रिल २००७ मध्ये. सांको खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या बंदुका जंगलातच होत्या.

प्रतिसाद २
समोरचे माफीवरून झोडपतील, तयारी ठेवा. लोमेत राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीने सही करताना हाताने शेरा लिहिला होता: वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या माफीत धरू नयेत. पुढे विशेष न्यायालयाने सांकोवर आरोप ठेवलेच. निकालाआधी, २००३ मध्ये, तो कोठडीत मेला.

धागाकर्ती
दोघांचे आभार! भोंगा नक्की घेणार. पण कब्बांनी 'आधी बंदुका' म्हटलं असतं, तर सांकोने सही केली असती का? हे विचारलं तर काय सांगू?