सायप्रस नक्की कोणाचं? सोसायटी ग्रुपवर रविवारची चर्चा

बी ७०४ वहिनी: गुड मॉर्निंग. आमच्या चिरंजीवांना कंपनी लिमसोलला पाठवतेय, सायप्रसला. शिपिंगवाल्यांची ऑफिसं तिथे भरपूर आहेत म्हणे. मॅपवर बघितलं तर बेटाच्या मधूनच तुटक रेघ गेलीय. हे बेट ग्रीसचं का टर्कीचं?

ए ३०१: दोघांचंही नाही वहिनी, स्वतंत्र देश आहे, युरोपियन युनियनमध्ये आहे

सी १०२ मॅडम: स्वतंत्र आहे पण १९६० पासून. त्याआधीच्या मालकांची यादी आपल्या सोसायटीच्या ट्रान्सफर फायलीपेक्षा जाड आहे. आणि त्यातले बरेचसे तिथे राहिलेसुद्धा नाहीत, बाहेर बसून वसुली केली फक्त.

बी ७०४ वहिनी: सांगा ना मॅडम, आज रविवारच आहे

सी १०२ मॅडम: इ.स.पू. ७०७ च्या आसपास असिरियाच्या सार्गोनने आजच्या लार्नाकाला दगड उभा केला, की इथले सात राजे मला नजराणा देतात. तो दगड आता बर्लिनला. मग इजिप्त, मग इराण, मग अलेक्झांडर, मग इजिप्तचे टॉलेमी. हे भराभर सोडते, मजा रोमनांपासून आहे. क्लोडिअस नावाच्या रोमन पुढाऱ्याला चाच्यांनी धरलं होतं, त्याने सायप्रसच्या राजाकडे खंडणीपुरते पैसे मागितले, राजाने पाठवले दोन टॅलेंट, म्हणजे चांदीच्या वजनाचं तेव्हाचं मोठं माप. चाच्यांनाच ते इतके कमी वाटले की पैसे परत केले आणि याला असंच सोडून दिलं. हा राग त्याने डोक्यात ठेवला आणि इ.स.पू. ५८ मध्ये सत्ता हातात येताच कायदा करून अख्खं बेट रोमच्या घशात घातलं. वसुलीला केटोला पाठवलं, राजाने विष घेतलं, केटोने राजाची भांडीकुंडी, दागिने, गुलाम सगळं लिलावात काढून सात हजार टॅलेंटच्या जवळपास रोमला नेले.

बी ५०२ सीए: दोन टॅलेंट वाचवायला गेला आणि सगळंच गेलं

सी १०२ मॅडम: सीए साहेब, पुढचं तुमच्यासाठीच. सीझरला मारणारा ब्रुटस, त्याने आपल्या माणसाच्या नावाने सायप्रसमधल्या सालामिस शहराला कर्ज दिलं होतं, व्याज किती, वर्षाला ४८ टक्के.

बी ५०२ सीए: बाप रे. आपण मेंटेनन्सच्या थकबाकीवर २१ टक्के सिंपल लावतो तर लोक एजीएममध्ये अंगावर येतात

सी १०२ मॅडम: तिथे थकबाकीदारांवर घोडदळ गेलं. ब्रुटसच्या माणसाने शहराच्या कौन्सिललाच त्यांच्या सभागृहात कोंडून ठेवलं, पाच सभासद उपाशी मेले. पुढे सिसेरो गव्हर्नर म्हणून आला, त्याने घोडदळ काढून घेतलं आणि १२ टक्क्यांच्या वर व्याज चालणार नाही म्हणाला, पण निकाल काही लावला नाही, ब्रुटसला दुखवायला नको म्हणून प्रकरण तसंच ठेवून निघून गेला.

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे याची नोंद घ्यावी

डी १०१ सुभेदार काका: साहेब रविवार आहे, चालू द्या. मॅडम पुढे?

सी १०२ मॅडम: नंतर बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, मग अरबांच्या स्वाऱ्या. ६८८ मध्ये तह काय झाला माहितीये, बेटाचा सारा सम्राट आणि खलिफाने निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. आणि हे थोडंफार खाली वर होत जवळजवळ पावणेतीनशे वर्षं चाललं, ९६५ मध्ये बायझंटाईनांनी पूर्ण ताबा घेईपर्यंत.

ए ३०१: म्हणजे जॉइंट ओनरशिप 😀

सी १०२ मॅडम: पुढे आयझॅक कोम्नेनोस नावाचा राजघराण्यातला एकजण खोटी कागदपत्रं दाखवून बेटावर बसला आणि स्वतःला सम्राट म्हणवून घ्यायला लागला. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला चाललेला, वादळात त्याच्या होणाऱ्या बायकोचं जहाज लिमसोलला लागलं, आयझॅकने तिच्याशी नीट वागणूक ठेवली नाही, रिचर्ड आला, लिमसोललाच लग्न उरकलं आणि महिन्याभरात बेट घेतलं. आयझॅक म्हणाला शरण येतो पण लोखंडी बेड्या घालू नका. घातल्या नाहीत. चांदीच्या घातल्या.

बी ७०४ वहिनी: 😂😂 लिमसोललाच लग्न? आमच्याकडच्याला सांगायला नको

सी १०२ मॅडम: रिचर्डला बेट नको होतं, पैसे हवे होते. टेम्पलर नाइट्सना, म्हणजे क्रुसेडमधल्या लढवय्या साधूंच्या संघटनेला, एक लाख बेझंट म्हणजे सोन्याच्या नाण्यांना विकलं, चाळीस हजार रोख, बाकी हप्त्याने. त्यांनी बाकीचे पैसे लोकांकडून काढायला सुरुवात केली, वर्षाच्या आत निकोसियात उठाव, आणि टेम्पलरांनी बेट परत केलं. मग ते घेतलं गी द लुसिन्यानने, ज्याच्या हातून सलाउद्दीनने जेरुसलेम काढून घेतलं होतं तोच. म्हणजे एक राज्य घालवलेल्या माणसाला दुसरं विकत मिळालं, आणि त्याच्या घराण्याने ते तीनशे वर्षं टिकवलं! घालवलं कसं ते पण ऐका. १३७२ मध्ये फामागुस्ताला राज्याभिषेक होता, राजाच्या घोड्याचा लगाम कोणी धरायचा यावरून इटलीतल्या व्हेनिस आणि जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांत हाणामारी झाली, जिनोव्हाची माणसं मेली, त्यांनी आरमार आणून फामागुस्ता बंदरच घेतलं, नव्वद वर्षं सोडलं नाही.

बी ५०२ सीए: मानपान

सी १०२ मॅडम: हो, शुद्ध मानपान. शेवटची राणी कातेरिना कोर्नारो, व्हेनिसची. चौदाव्या वर्षी नवऱ्याच्या गैरहजेरीत लग्न लावलं, सासरी येऊन वर्षभरात नवरा गेला, मूल वर्षाचं व्हायच्या आत गेलं, आणि १४८९ मध्ये माहेरच्यांनीच तिच्याकडून राज्य लिहून घेतलं. बदल्यात आसोलो नावाचं डोंगरातलं छोटं गाव दिलं. मला बाकी राजांपेक्षा हिच्याबद्दल जास्त वाटतं. पुढे १५७०-७१ मध्ये ऑटोमन तुर्क आले. फामागुस्ताचा व्हेनिशियन सेनापती ब्रागादिनची शरण आल्यावर जिवंत कातडी सोलली. आणि लुसिन्यान राजे जिथे जेरुसलेमचा मुकुट घालायचे ते कॅथीड्रल तेव्हापासून मशीद आहे, बाहेरून बघितलं तर फ्रान्समधलं चर्च वाटतं आणि कोपऱ्यात मिनार.

ए ३०१: आणि तिथले लोक? त्यांना कोणीच काही विचारलं नाही का

सी १०२ मॅडम: विचारलं नाहीच, पण ऑटोमनांनी एक केलं. लुसिन्यानांनी ग्रीक ऑर्थोडॉक्स बिशप चौदावरून चारवर आणले होते, ऑटोमनांनी त्यांच्या आर्चबिशपला पुन्हा मान दिला आणि लोकांच्या कराची जबाबदारीपण त्याच्याच गळ्यात टाकली. १८२१ मध्ये ग्रीसमध्ये उठाव झाला तेव्हा इथल्या आर्चबिशपला फाशी दिलं ते त्यामुळेच, तो नुसता धर्मगुरू नव्हता, ग्रीकांचा पुढारी होता. आणि १९६० ला स्वतंत्र झाल्यावर पहिला राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस कसा, याचं उत्तरही हेच.

डी १०१ सुभेदार काका: मधले ब्रिटिश राहिले. १८७८ ला ऑटोमन सुलतानाकडून कारभार घेतला, त्याच साली हिंदुस्थानातून सात हजारच्या आसपास फौज माल्टाला नेली होती, मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या त्यात, त्यातले काही पुढे सायप्रसला उतरले.

बी ५०२ सीए: ब्रिटिशांचं मी वाचलंय. सुलतानाला द्यायचा म्हणून वर्षाला ९२ हजार पौंडांच्या वर सायप्रसच्या लोकांच्या करातून काढायचे आणि ते सुलतानाला न जाता १८५५ च्या ऑटोमन कर्जाच्या रोखेधारकांना जायचे. कर्ज दुसऱ्याचं, फेड यांची

डी १०१ सुभेदार काका: स्वातंत्र्यानंतर तीनच वर्षांत ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत मारामाऱ्या. वहिनी, तुमची ती रेघ तेव्हा निकोसियात सुरू झाली, ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलने ओढली म्हणून ग्रीन लाइन. १९६४ ला यूएन फौज गेली, पहिले कमांडर जनरल ग्यानी, आपले. मग जनरल थिमय्या, माजी लष्करप्रमुख, ते डिसेंबर १९६५ मध्ये ड्यूटीवर असताना तिथेच वारले, सायप्रसने त्यांच्या नावाने पोस्टाचं तिकीट काढलं. १९७४ ला ग्रीसच्या लष्करी राजवटीने मकारिओसविरुद्ध बंड घडवलं आणि पाच दिवसांत टर्कीचं सैन्य उतरलं, तेव्हा यूएनचे कमांडर जनरल प्रेमचंद, तेही आपलेच. निकोसिया एअरपोर्ट यूएनने ताब्यात घेतला तो अजून बंद आहे.

बी ७०४ वहिनी: म्हणजे वरचा भाग टर्कीचा?

सी १०२ मॅडम: एक तृतीयांशाहून जास्त बेट. १९८३ पासून ते स्वतःला वेगळा देश म्हणवतात, मान्यता फक्त टर्कीची. आणि ब्रिटिश पूर्ण गेलेच नाहीत, दोन लष्करी तळ मिळून बेटाचा ३ टक्के भाग आजही त्यांचा. वहिनी, चिरंजीवांना सांगा, टर्कीवरून स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून उत्तरेच्या एरजान विमानतळावर उतरू नको, सायप्रस सरकार ती एन्ट्री बेकायदा धरतं.

ए ३०१: पण इन्स्टाग्रामवर मला किरेनियाच्या सी फेसिंग फ्लॅटच्या जाहिराती येतात, रेट एकदम कमी, हप्ते पण आहेत. ते उत्तरेतच ना?

सी १०२ मॅडम: उत्तरेतच. त्यातली पुष्कळ जमीन १९७४ मध्ये पळून दक्षिणेत आलेल्या ग्रीकांच्या नावावर आहे. एका ब्रिटिश जोडप्याने अशा जागेवर बंगला बांधला, मूळ मालक कोर्टात गेला, बंगला पाडून जमीन परत द्यायचा हुकूम झाला, त्यांना वाटलं दक्षिणेतलं कोर्ट आपलं काय करणार, तर २००९ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की हा निकाल इंग्लंडलाही मानावा लागेल.

बी ५०२ सीए: म्हणजे आपला तीस वर्षांच्या मालकीचा सर्च रिपोर्ट तिथे काही कामाचा नाही, त्यात टायटल क्लियरच दिसेल. १९७४ च्या मागे जावं लागेल