भांग रुंद होतोय पण केस गळताना दिसत नाहीत, असं कुणाला झालंय का?

निशिगंध (वाकड):
नमस्कार मैत्रिणींनो, वय ३४, आयटीत आहे, एक मुलगी ५ वर्षांची. मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या केळवणाला कुणीतरी उभं राहून वरून फोटो काढला आणि त्यात माझा भांग बघून मला रडूच आलं. आरशात समोरून काही कळत नाही, पण वरून टाळूची कातडी सरळ दिसते. पूर्वी रबरबँडचे दोन वेढे पुरायचे, आता चार घ्यावे लागतात. आणि बाथरूमच्या जाळीत, उशीवर, फणीत केस काही फार दिसत नाहीत, मग गेले कुठे?
सगळे म्हणतात टँकरचं पाणी. शॉवरला फिल्टर लावून वर्ष होत आलं, फरक नाही. सासूबाई माका आणि जास्वंद घालून तेल कढवून देतात, तेही लावते. एका क्लिनिकमध्ये गेले तर डोकं धड न बघताच पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला भाग काढून टाळूत टोचतात) आठ सिटिंगचं पॅकेज आणि वर ईएमआयचा फॉर्म पुढे केला, तशीच उठून आले. आईचे केस पन्नाशीत असेच विरळ झाले, आत्याचेही. पाळी नियमित आहे. मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं केसांचं औषध) लावावं का? ते म्हणे जन्मभर लावावं लागतं आणि आधी आणखी गळतात. आणि वर्षभरात दुसऱ्या बाळाचा विचार आहे, हेही सांगून ठेवते.

उमा_कर्वेनगर:
अगं, तुझं वाचताना मला माझी ९ वर्षांपूर्वीची मीच आठवले. सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती मला कुणी वेळेवर सांगितली नाही. केस गळणं वेगळं आणि विरळ होणं वेगळं. माझ्या लेकीला डेंगी झाला, त्यानंतर अडीच महिन्यांनी मूठमूठ केस जायला लागले, घरभर केस, आम्ही घाबरलो, पण सहाएक महिन्यांत आपोआप भरून आले. तापानंतर, बाळंतपणानंतर, उपाशी राहून वजन उतरवलं की तसं होतं, त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. तुझं तसं वाटत नाही. पॅटर्न हेअर लॉसमध्ये, म्हणजे बहुधा घराण्यातून येणाऱ्या विरळपणात, केस मुळासकट हरवत नाही, तो बारीक होत जातो. एक केस गळला की त्याच छिद्रातून पुढचा येतो तो आधीपेक्षा पातळ आणि आखूड, कारण वाढीचा काळच कमी होत जातो, असं करत करत शेवटी नुसती लव उरते. म्हणून तुला जाळीत काही दिसत नाही. रोज ५० ते १०० केस तर सगळ्यांचेच जातात.
बायकांमध्ये कपाळावरची रेघ बहुतेक तशीच राहते आणि मधला भांग रुंदावतो. १९७७ मध्ये लुडविग नावाच्या डॉक्टरांनी याच्या तीन पायऱ्या मांडल्या, पहिली सगळ्यात सौम्य, अजूनही त्याच वापरतात. पुरुषांसारखं पूर्ण टक्कल आपल्याला सहसा पडत नाही, एवढं मनात ठेव आणि रात्री झोप. आई, आत्या दोघींकडून आलेलं असू शकतं, कुणाला दोष देऊ नकोस.
पीआरपी अगदीच निरुपयोगी असं मी म्हणणार नाही, पण निदानाआधी पॅकेज विकणाऱ्याकडे परत पाऊल टाकू नकोस. त्वचारोगाचा एमडी डॉक्टर गाठ, डर्माटोस्कोपने (दिव्याच्या भिंगाने) टाळू बघून घे. जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी दिसतात, त्यावरून कळतं. खर्चाचं अवघड असेल तर सरकारी ससून रुग्णालयाची स्किन ओपीडी आहे, फक्त अर्धा दिवस काढून जा.

सहकारनगरची (फार्मसिस्ट):
उमाताईंनी छान सांगितलंय, मी फक्त औषधाचं बोलते कारण दुकानात रोज चुकीचं वापरलेलं बघते. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरची गोळी, १९७९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून मग लावायचं औषध बनलं, ते १९८८ मध्ये आलं. बायकांसाठी २ टक्के दोन वेळा किंवा ५ टक्के फोम दिवसातून एकदा. केसांना नाही, भांग पाडून कोरड्या टाळूला लावायचं, हात धुवायचे, आणि झोपायच्या निदान दोन तास आधी, नाहीतर उशीला लागून गालावर येतं आणि तिथे लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपा, चाटलं तर तिच्या जिवावर बेतू शकतं.
पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते हे खरं, जुने केस नव्यांना जागा देतात. नेमकं तिथेच बायका बाटली टाकून देतात. चार ते सहा महिने दिल्याशिवाय काही ठरवता येत नाही. आणि बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं, हेही खरं.
पण गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे चालत नाही. तुम्ही बाळाचा विचार करताय म्हणून डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड या गोळ्यांचं नाव कुणी काढलं तर आत्ता सरळ नाही म्हणा, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.
बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडच्या टेस्टआधी सांगा, रिपोर्ट चुकतो.

पाषाणकर_श्रुती:
पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे बोअर आहे, केस राठ होतात आणि मधेच तुटतात, पण भांग त्याने रुंद होत नाही. तेल आवडत असेल तर लाव गं, सासूबाईंची माया आहे ती, फक्त ते औषध म्हणून धरून वर्ष घालवू नकोस. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) करून घे, माझं हिमोग्लोबिन ठीक, १२ होतं आणि फेरिटिन तळाला. पाळी अनियमित किंवा हनुवटीवर केस असतील तर पीसीओएसचंही (हार्मोन बिघडण्याचा त्रास) बघतात, तुझं तसं नाही म्हणतेस.

निशिगंध (वाकड):
तिघींचे मनापासून आभार, तीन आठवडे लागले यायला. मॅडमनी टाळू बघितली, पॅटर्नच आहे, पहिली पायरी. फेरिटिन ११ आलं, लोहाच्या गोळ्या सुरू. मिनॉक्सिडिलवर बराच वेळ बोललो. आत्ता लावलं, सहा महिन्यांनी थोडं दिसायला लागलं आणि तेव्हाच बंद करायचं, मग बाळंतपणानंतरची गळती, ते मला झेपणार नाही. हे हळू वाढतं म्हणाल्या, तर आधी बाळ, पाजणं संपलं की औषध, असं ठरवलंय. नवऱ्यालाही सगळं समजावलं, तो म्हणाला भांगाचा फोटो मी काढत जाईन. बाथरूमच्या त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून, पहिला काल काढलाय, पुढचा तीन महिन्यांनी.
उमाताई, तुमचा ९ वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा भांग किती वेगळा आहे, सांगाल का?

उमा_कर्वेनगर:
सांगते ना. तेव्हा दुसऱ्या पायरीवर होते, आज पहिलीच्या जवळ आहे. कॉलेजातली वेणी परत आली नाही, पण संक्रांतीला गजरा माळला तर पिन धरते आता.