फॅटी लिव्हर ग्रेड २: फायब्रोस्कॅन करावा की थेट एमआरआय?

मीनल_ठाणे
भावाच्या (वय ५२, डायबेटिस आहे, दारू नाही) सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलंय. रक्तात लिव्हरची एन्झाइम्स एसजीपीटी ९६, एसजीओटी ५८, प्लेटलेट २ लाख १० हजार. बायोप्सीचं नाव काढलं की तो उठून जातो. सुई न टोचता लिव्हरला सूज किती आहे ते कळेल असा स्कॅन कुठला? डॉक्टर फायब्रोस्कॅन म्हणतात, वहिनीच्या माहेरचे म्हणतात थेट एमआरआय करा.

राजाभाऊ
डॉक्टरांचं ऐका, माहेरचं नंतर. 😄 माझा झालाय. उजव्या बरगड्यांच्या मध्ये जेल लावून प्रोब टेकवतात, आतून कोणीतरी टिचक्या मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. निदान ३ तास पोट रिकामं हवं. माझ्या आधीचे काका वडापाव खाऊन आलेले, त्यांना बसवून ठेवलं.

एक_टेक्निशियन
फायब्रोस्कॅन सूज मोजत नाही हं. तो किलोपास्कलमध्ये लिव्हरचा कडकपणा मोजतो आणि कॅप या आकड्यात चरबी. सूज जोरात असली की कडकपणाही जास्त दिसतो, म्हणून कावीळ भरात असताना केलेल्या स्कॅनवर भरवसा नको. ९६ एसजीपीटीला हरकत नाही.

आधी फिब-४ काढा, म्हणजे लिव्हरमध्ये फायब्रोसिस (व्रणासारखा कडकपणा) किती असेल याचा अंदाज देणारा आकडा, फुकट आहे: वय गुणिले एसजीओटी, भागिले (हजारातले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमच्या आकड्यांवर १.४७ येतो. १.३ च्या वर, म्हणजे पुढे स्कॅन करावा, डॉक्टर बरोबर सांगतायत. स्कॅन ८ किलोपास्कलच्या आत आला तर फायब्रोसिस फार पुढे गेलेला असण्याची शक्यता कमी.

एमआरआयमध्ये पीडीएफएफ हा आकडा चरबी नेमकी मोजतो, इलास्टोग्राफी ही पद्धत कडकपणा. एमआरआयमधलाच सीटी-१ (cT1, सीटी स्कॅन नव्हे) नावाचा आकडा सुजेने वाढतो खरा, पण फायब्रोसिसनेही वाढतो. निव्वळ सूज वेगळी काढून दाखवेल असा स्कॅन रोजच्या वापरात नाही. ते अजून बायोप्सीच सांगते, आणि ती प्रत्येकाला लागतेच असं नाही.

मीनल_ठाणे
वजन ९८ किलो आहे, चालेल?

एक_टेक्निशियन
अपॉइंटमेंट घेतानाच ‘एक्सएल प्रोब आहे का’ विचारा. साध्या प्रोबने जाड माणसाचं रीडिंग चुकतं किंवा येतच नाही. रिपोर्टवर निदान १० रीडिंग हवीत आणि आयक्यूआर-मेडियन (रीडिंगमधली आपापसातली तफावत) ३० टक्क्यांच्या आत. नसेल तर तिथेच पुन्हा करून मागा.