विषय: शुक्रवारी एका दिवसात तिन्ही भाग होतात का?

ओंकार, एनटीयू (सिंगापूरचं नानयांग विद्यापीठ):
नमस्कार. शुक्रवारी लेक्चर नाही. चायनाटाऊन, लिटल इंडिया, कॅम्पाँग ग्लाम एका दिवसात उरकेल ना? हॉस्टेलहून अकराला निघेन. मागे मीनाकाकूंनी टाकलेला फिरण्याचा क्रम सापडत नाहीये.

श्रीकांत:
अकराला निघालास तर चायनाटाऊनमधल्या मारिअम्मन देवळाचं दार लागलेलं दिसेल. दुपारी बारा ते संध्याकाळी सहा बंद. त्याच साउथ ब्रिज रोडवर जामे मशीद, तिथे शुक्रवारी भर दुपारी नमाज. म्हणजे १८२६ची मशीद नि १८२७चं देऊळ दोन्ही बाहेरूनच, आणि आतून बघायचं ते २००७चं बुद्धदंत मंदिर! आठला निघ. बून लेहून मेट्रोची हिरवी लाइन, आउट्रम पार्कला जांभळी, पुढचंच स्टेशन चायनाटाऊन.

मीनाकाकू:
क्रम माझाच होता आणि तो लिटल इंडियापासून सुरू होतो. टेक्का सेंटरला नाश्ता, देवळं बाराच्या आत. दुपारी चायनाटाऊनमधला तेलोक आयर स्ट्रीट. पूर्वी समुद्र तिथवर होता, चीनहून उतरलेले खलाशी थियान हॉक केंग देवळात आधी माझू देवीचे आभार मानायचे. चार पावलांवर नागोर दर्गा, तमिळ मुसलमानांनी बांधलेला. हा रस्ता आपले पाहुणे कायम चुकवतात. श्रीकांत, मारिअम्मन संध्याकाळी सहाला पुन्हा उघडतं, तेव्हा बघेल की.

प्रसाद:
नाश्ता टेक्कात कशाला? कोमला विलास आहे ना, १९४७पासून. आणि रविवारी जाऊ नकोस रे, लिटल इंडियात पाय ठेवायला जागा नसते.

वैशाली:
प्रसाद, ती गर्दी आठवडाभर बांधकामावर राबणाऱ्यांची आहे. त्यांना सुट्टीच रविवारी. घरी पैसे पाठवायचे, गाववाल्यांना भेटायचं, केस कापून घ्यायचे, सगळं त्याच दिवशी. मी इथे नवीन असताना एका रविवारी सेरंगून रोडवर तास-दोन तास नुसती उभी होते, कुणाचा धक्का लागला नाही. ओंकार, जमलं तर रविवारीही एक चक्कर मार.

प्रसाद:
मी गर्दीबद्दल बोललो, माणसांबद्दल नाही. आणि कोमला विलासबद्दल कुणीच काही बोललं नाही.

सचिव:
नवीन विद्यार्थ्यांना फिरवणं आपल्या मंडळाच्या स्वागत समितीकडे आहे, हे सभेत ठरलंय. प्रत्येकाने स्वतंत्र क्रम पाठवू नये. मीनाताई, तुमचा क्रम समितीला पाठवा.

मीनाकाकू:
दोनदा पाठवलाय. स्पॅम बघा.

ओंकार:
काकू, मग आठला निघून आधी लिटल इंडिया. कॅम्पाँग ग्लामच्या सुलतान मशिदीत शॉर्ट्स चालतात का?

वैशाली:
नाही. अंगावर घालायला झगा देतात, पण शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. जायच्या आधी आत सोडायच्या वेळा बघून घे. फुल पँट घाल, देवळातही बरी. आणि एमआरटीत (मेट्रोत) डबा उघडू नकोस, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे.

श्रीकांत:
पाणीसुद्धा नाही.